तारेची बोटं : रोबोटचं ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

गेल्या महिन्यात विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर वस्तीतल्या एक काकू मला बाजूला घेऊन गेल्या. कापडी पिशवीतून फाईल काढली आणि हळूच म्हणाल्या, "जय भीम ताई. जरा हे बघता का? पित्ताशयात खडे आहेत म्हणे. डॉक्टर म्हणाले, रोबोटनं करून घ्या. मशीनच सगळं करतं, चूक होतच नाही. पण पैसे बरेच जास्त लागतात. पोरगा म्हणतो, दागिने मोडू, पण आईचं चांगलंच झालं पाहिजे."

मी म्हटलं, "काकू, आधी फाईल बघू. दागिने मोडायला एक दिवस पुरतो, परत करायला वर्षं लागतात."

अशा दोन-तीन घरांतून हाच प्रश्न आला म्हणून या महिन्याचं पान त्यासाठी. नर्सिंगचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली आहेत. तिथं एक गोष्ट शिकले. यंत्राची भीती आणि यंत्राची भुरळ, दोन्ही ते यंत्र न समजल्यामुळे असतात. हे यंत्र समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. ज्याने सायकलचा ब्रेक दुरुस्त केला आहे, त्याला ते अर्धं आधीच कळलेलं आहे.

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही

सिनेमातला रोबोट डोक्यातून काढून टाका. ऑपरेशनच्या रोबोटचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे टेबलाशेजारी उभी असलेली चार हातांची गाडी. दुसरा म्हणजे कॅमेऱ्याचं आणि उजेडाचं कपाट. तिसरा म्हणजे काही फुटांवर ठेवलेली सर्जनची बैठक. सर्जन तिथं बसतो, दोन भिंगांत डोळे लावतो आणि दोन्ही हातांची बोटं छोट्या मुठींत अडकवतो. त्याचा हात हलेल तसं रुग्णाच्या पोटातलं हत्यार हलतं. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या दा विंची यंत्रात सर्जनने भिंगातून डोकं बाहेर काढलं की हत्यारं जागच्या जागी थांबतात. टेबलाशी दुसरे डॉक्टर आणि सिस्टर उभ्या असतातच. म्हणजे कापणारा, शिवणारा आणि निर्णय घेणारा माणूसच असतो. "मशीन करतं" हे वाक्यच चुकीचं आहे.

या यंत्राचं मूळ अमेरिकेत आहे. जखमी सैनिकावर लांबून ऑपरेशन करता यावं म्हणून कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत काम सुरू झालं आणि पुढे त्याला लष्कराच्या संशोधन खात्याने पैसा दिला. त्यातून १९९५ मध्ये इंट्युटिव्ह सर्जिकल ही कंपनी निघाली. २००० मध्ये तिच्या दा विंची यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी मान्यता दिली. २००१ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरातल्या एका बाईचं पित्ताशय काढलं. त्यासाठी वापरलेलं यंत्र झ्यूस नावाचं, दुसऱ्या कंपनीचं होतं. आता आपल्या देशातही गुरुग्रामच्या एस. एस. इनोव्हेशन्स कंपनीचं 'मंत्र' नावाचं यंत्र बनतं. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या सार्वजनिक रुग्णालयातही रोबोटने ऑपरेशनं होतात.

आधी दुर्बिणीच्या ऑपरेशनची अडचण

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटाला तीन-चार लहान छिद्रं पाडतात. एकातून कॅमेरा जातो आणि बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. फायदा मोठा असतो. जखम लहान राहते, दुखणं कमी होतं आणि माणूस लवकर घरी जातो. पण सर्जनला त्याची किंमत मोजावी लागते. छिद्र हा टेकू होतो. लहान मुलांच्या बागेतल्या सी-सॉसारखं, हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. शिवाय दांडा ताठ असतो, त्याला मनगट नसतं. लांब चिमट्याने डब्याच्या तळाशी सुईत दोरा ओवून बघा म्हणजे कळेल. सराव असलेले सर्जन हे रोज करतात आणि उत्तम करतात. पण ओटीपोटाच्या खोल, अरुंद जागेत आडवा टाका घालायचा असेल तर मनगटाची उणीव भासते.

रोबोटने दिलं ते हे मनगट. दा विंचीचं नेहमीचं हत्यार आठ मिलिमीटर जाड असतं, साधारण आपल्या करंगळीपेक्षाही बारीक. त्याच्या टोकाला वाकणारं मनगट आणि उघडणारा-मिटणारा जबडा असतो. एकूण सात प्रकारच्या हालचाली होतात : वर-खाली, डावी-उजवी, आत-बाहेर, दांड्याचं गरगर फिरणं, मनगटाचं दोन दिशांना वाकणं आणि जबड्याची पकड. पहिल्या तीन हालचाली बाहेरचा मोठा हात करतो. उरलेल्या चार त्या बारीक दांड्याच्या आत घडतात. एवढ्याशा जागेत मोटर बसवणं अवघड, म्हणून तिथं तारा आहेत.

आपल्या हातातही दोऱ्याच आहेत

डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या थोडा खाली धरा आणि उजवी बोटं हलवा. कोपराजवळचं मांस हलताना जाणवेल. बोटं ओढणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते हाताच्या वरच्या भागात असतात. तिथून पांढऱ्या, चिवट दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. त्यांना कंडरा म्हणतात. स्नायू आखडला की दोरी ओढली जाते आणि बोट वाकतं. कारखान्यात पत्र्याने मनगट कापलेला कामगार आमच्याकडे यायचा. बोटं शाबूत असायची, पण वाकायची नाहीत. दोरी तुटलेली असायची.

रोबोटचं हत्यार याच पद्धतीने चालतं. मोटरी रुग्णाच्या शरीराबाहेर, यंत्राच्या हातात असतात. हत्याराच्या मागच्या टोकाला एक डबी असते. जुन्या दा विंची हत्यारांच्या डबीवर चार गोल चकत्या दिसतात. एक चकती दांडा फिरवते, एक मनगट वाकवते आणि दोन जबड्याच्या दोन पात्यांना हलवतात. दोन्ही पाती एका बाजूला गेली की जबडा वळतो, एकमेकांकडे आली की पकड बसते. चकत्यांना गुंडाळलेल्या तारा दांड्यातून टोकापर्यंत जातात आणि इवल्याशा पुलींवरून वळून परत येतात. या तारा टंगस्टन धातूच्या असतात. केसासारखे अनेक बारीक धागे पिळून त्या बनवतात. एकच जाड तार लहान पुलीवर पुन्हा पुन्हा वाकवली तर ती लवकर तुटेल. धागे पिळून केलेली तार मऊ वळते आणि ताणही सोसते.

तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. दोरीने विहिरीतली बादली वर येते, दोरीने ती खाली दाबता येत नाही. म्हणून प्रत्येक हालचालीला दोन बाजू लागतात. एक ओढते तेव्हा दुसरी तेवढीच सैल सुटते.

तारेचे तीन दोष

पहिला दोष ताण. तार थोडीशी का होईना लांबते. सायकलचा ब्रेक जुना झाला की लिव्हर दाबला तरी चाक लगेच थांबत नाही, आधी सैलपणा भरून निघतो. हत्यारातही मोटर फिरते, पण टोक किंचित उशिरा हलतं. दिशा बदलताना हे जास्त जाणवतं. उपाय म्हणून तारा आधीपासून ताणून बसवतात आणि दांड्याच्या सरळ भागात शक्य तितका ताठपणा ठेवतात.

दुसरा दोष घर्षण. तार जास्त ताणून बसवली की ती पुलीवर जास्त घासते आणि लवकर झिजते. कमी ताणली तर सैलपणा येतो. म्हणून हत्यार बनवणाऱ्याला या दोहोंचा मध्य गाठावा लागतो.

तिसरा दोष समजायला तुमचाच हात पुरे. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. आता मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तशीच घट्ट मूठ ठेवून बघा. पकड ढिली होते. कारण बोटांच्या दोऱ्या मनगटावरूनच जातात. मनगट वाकलं की त्यांची वाट बदलते, एका बाजूला लांब होते आणि दुसऱ्या बाजूला आखूड. हत्यारातही जबड्याच्या तारा मनगटाच्या पुलीवरून जातात. सर्जनने फक्त मनगट वाकवलं तरी जबडा आपोआप हलू लागेल आणि धरलेली सुई सुटेल.

कॉम्प्युटरचं खरं काम

इथं कॉम्प्युटर लागतो. मनगट अमुक अंश वाकलं की जबड्याच्या तारा किती ओढायच्या आणि किती सोडायच्या, याचं गणित तो करतो आणि त्या मोटरी तेवढ्या फिरवतो. सर्जनला याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक मोटरवर ती किती फिरली हे मोजणारं साधन असतं. जिथं पोहोचायचं तिथं पोहोचली की नाही, किती उरलं, ही तपासणी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा होते. फरक दिसला की दुरुस्ती होते.

आणखी दोन कामं तो करतो. माणसाचा हात कितीही स्थिर असला तरी सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा बारीक थरथरतो. ही जलद थरथर कॉम्प्युटर गाळून टाकतो आणि सावकाश, हेतूने केलेली हालचालच पुढे पाठवतो. दुसरं म्हणजे हालचाल लहान करणं. तीनास एक असं प्रमाण ठेवलं तर सर्जनचा हात तीन सेंटिमीटर हलतो तेव्हा टोक एकच सेंटिमीटर हलतं. बारीक टाक्यांसाठी याचा मोठा उपयोग आहे.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मोजणारं साधन मोटरपाशी आहे, हत्याराच्या टोकाशी नाही. मोटर बरोबर फिरली हे यंत्राला कळतं. त्यानंतर दीड-दोन फुटांच्या वाटेत तार किती ताणली, कुठं घासली, हे त्याला नेमकं कळत नाही. मग टोक बरोबर जागी जातं कसं? सर्जन डोळ्याने बघतो म्हणून. मोठं केलेलं, खोली दाखवणारं चित्र त्याच्यासमोर असतं. टोक केसभर मागं राहिलं तर तो नकळत हात केसभर पुढे नेतो. शेवटची दुरुस्ती माणसाचे डोळे आणि अनुभव करतात. म्हणून यंत्र कोणतं यापेक्षा त्यावर बसणारा माणूस कोण, हा प्रश्न मोठा आहे.

यंत्राला हाताची जाणीव नाही

उघड्या ऑपरेशनात सर्जन बोटाने चाचपतो. गाठ कडक आहे का, रक्तवाहिनी धडधडते का, हे त्याला कळतं. दुर्बिणीच्या दांड्यातूनही थोडी जाणीव येते. रोबोटमध्ये तारांच्या घर्षणात ती हरवते. नव्या सर्जनच्या हातून दोरा जास्त ओढला जाऊन तुटतो तो यामुळे. अनुभवी सर्जन ऊतक किती ताणलं गेलं हे डोळ्याने ओळखायला शिकतो. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या दा विंचीच्या पाचव्या पिढीत काही हत्यारांना जोर मोजण्याची सोय आली आहे. आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी अजून आधीचीच यंत्रं चालतात.

तारेची निगा सिस्टरच्या हातात

या हत्यारात एक चिप असते, ती वापर मोजते. दा विंचीच्या बहुतेक हत्यारांना पूर्वी दहा वेळांची मर्यादा होती. २०२० नंतर काही हत्यारांची मर्यादा बारा ते अठरापर्यंत वाढवली. मोजणी संपली की यंत्र ते हत्यार स्वीकारत नाही. तार झिजते, हे त्यामागचं एक कारण. बिलात 'इन्स्ट्रुमेंट चार्ज' मोठा का असतो, याचं हेही एक उत्तर आहे.

ऑपरेशन झाल्यावर त्या बारीक पुलींत रक्त अडकतं. ते सुकू न देता दांड्यातून पाणी सोडून, टोक ब्रशने घासून आणि मग वाफेने निर्जंतुक करावं लागतं. भिंगाखाली तारेचा एखादा धागा सुटलेला दिसतो का, हे बघावं लागतं. सुटलेला धागा म्हणजे अर्धवट उसवलेली दोरी, असं हत्यार बाजूला काढायचं. यंत्र मध्येच बंद पडलं आणि जबड्याने काही धरलेलं असेल तर जबडा हाताने उघडायची किल्ली थिएटरमध्ये तयार ठेवावी लागते. नावाजलेल्या यंत्रामागे सफाई करणारे, वॉर्डबॉय, टेक्निशियन आणि सिस्टर यांचं हे न दिसणारं काम असतं. आपल्या मुला-मुलींनी ऑपरेशन थिएटर टेक्निशियनचा कोर्स करावा असं मी सांगते, ते यासाठीही.

मग रुग्णाचा फायदा किती?

उत्तर आजारागणिक वेगळं आहे.

प्रोस्टेटचा कॅन्सर : जागा खोल आणि अरुंद, मनगटाचा उपयोग खरा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रोबोट आणि उघडं ऑपरेशन यांची तुलना झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं, रुग्ण लवकर घरी गेले. पण तीन महिन्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच होती.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर : बायांनो, हे नीट वाचा. २०१८ मध्ये ६३१ बायांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या अवस्थेतल्या या कॅन्सरसाठी मोठं ऑपरेशन करताना काहींचं पोट उघडून केलं, काहींचं दुर्बिणीने किंवा रोबोटने. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण उघड्या ऑपरेशनात ९६.५ टक्के होतं आणि लहान छिद्रांच्या ऑपरेशनात ८६ टक्के. लहान छिद्रांच्या गटात बहुतेक ऑपरेशनं साध्या दुर्बिणीने आणि काही रोबोटने झाली होती. म्हणजे इथं लहान जखम ही चांगली जखम ठरली नाही. हे फक्त या कॅन्सरच्या या ऑपरेशनबद्दल आहे. गाठींसाठी पिशवी काढण्याचा प्रश्न वेगळा आहे.

पित्ताशयातले खडे : साध्या दुर्बिणीचं ऑपरेशन जगभर रुळलेलं आहे. अमेरिकेतल्या दहा लाखांहून जास्त रुग्णांच्या, मुख्यतः ज्येष्ठांच्या, २०१० ते २०१९ च्या नोंदी तपासल्या गेल्या. पित्तनलिकेला दुरुस्ती लागेल अशी इजा दुर्बिणीत ०.२ टक्के रुग्णांना झाली होती आणि रोबोटमध्ये ०.७ टक्के. दोन्ही आकडे लहान आहेत. पण रोबोट जास्त सुरक्षित आहे, असं यातून अजिबात निघत नाही.

पैशाआधी हे प्रश्न विचारा

डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो तुमचा हक्क आहे. कागदावर लिहून न्या.

१. माझ्या आजारात साध्या दुर्बिणीपेक्षा किंवा उघड्या ऑपरेशनपेक्षा रोबोटचा नेमका फायदा काय?

२. यंत्रावर स्वतः कोण बसणार? त्यांनी हेच ऑपरेशन रोबोटवर किती वेळा केलं आहे?

३. मध्येच रोबोट बाजूला करून पोट उघडावं लागलं तर तयारी आहे का? त्याचा खर्च वेगळा लागेल का?

४. रोबोटचे आणि हत्यारांचे जादा पैसे किती? आकडा लेखी द्या.

५. थांबलो आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर धोका आहे का?

राज्यात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. तुमचं ऑपरेशन कोणत्या पद्धतीने योजनेत बसतं ते त्यांना आधी विचारा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. खासगी विमा असेल तर लक्षात घ्या, २०१९ च्या विमा नियामकाच्या नियमांनुसार रोबोटचं ऑपरेशन सरसकट वगळता येत नव्हतं, मात्र रकमेवर मर्यादा घालता येत होती. पॉलिसीतली ती ओळ वाचून घ्या.

काकूंच्या फाईलवर परत येते. त्यांना ताप नव्हता, कावीळ नव्हती, थांबायला वेळ होता. पालिकेच्या रुग्णालयातल्या सर्जनला दाखवलं. त्यांनी सोनोग्राफी बघितली आणि म्हणाले, "साध्या दुर्बिणीने होईल, आमच्याकडे रोजचं काम आहे." झालंही तसंच. तिसऱ्या दिवशी काकू घरी होत्या आणि दागिने डब्यात होते. परवा विहारात भेटल्या तर म्हणाल्या, "ताई, मला वाटलं, महाग तेच चांगलं."

रोबोट वाईट आहे असं मी म्हणत नाही. तारांची ती बोटं खरंच कमालीची आहेत आणि योग्य आजारात, योग्य हातात ती उपयोगी पडतात. कुणाला प्रोस्टेटसाठी किंवा खोल जागेतल्या ऑपरेशनसाठी रोबोट सुचवला असेल तर घाबरून नाकारू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा की तार ओढणारा शेवटी माणूसच असतो. त्या माणसाला प्रश्न विचारल्याशिवाय सहमतीच्या कागदावर सही करू नका, अंगठाही देऊ नका. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या. ती नसेल तर मला हाक मारा.